दूरच्या दाराची किल्ली

गावाला जाताना घराची किल्ली शेजारी ठेवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. कुंड्यांना पाणी घालायला, आलेले टपाल उचलून ठेवायला कोणीतरी घरात शिरणे गरजेचे असते. म्हणून भरवशाचा माणूस पाहून आपण किल्ली त्याच्या हाती देतो आणि निर्धास्तपणे गाडीत बसतो. संगणकांच्या दुनियेतही नेमकी हीच गरज आहे. फक्त तिचा पसारा अवाढव्य आहे. रेल्वेचे आरक्षण, बँकेचे व्यवहार, वर्तमानपत्रांची संकेतस्थळे ज्या संगणकांवर चालतात, ते आपल्या टेबलावर नसतात. कुठल्यातरी थंडगार, बिनखिडक्यांच्या दालनात ते रांगेने उभे असतात. त्यांची देखभाल करणारी माणसेही तिथे नसतात. ती पुण्यात, बंगळूरमध्ये किंवा पार अमेरिकेत आपापल्या जागी बसून काम करीत असतात.

मग या माणसांनी दूरच्या यंत्रात शिरायचे कसे? आणि ज्या वाटेने ती शिरतात, त्याच वाटेने चोराला शिरू द्यायचे नाही, हे साधायचे कसे? या प्रश्नाचे जे उत्तर आज जवळपास सगळ्या जगाने स्वीकारले आहे, त्याचे नाव ‘सिक्युअर शेल’, थोडक्यात ‘एसएसएच’. आपल्यापैकी बहुतेकांनी हे नाव कधी ऐकलेले नसेल. परंतु त्याच्यावाचून आपला एक दिवसही जात नाही.

मार्च २०२४ मध्ये हे नाव अचानक बातम्यांत आले. या दाराला कोणीतरी गुपचूप दुसरी किल्ली बसवली होती आणि ती जगभर पोहोचण्याच्या बेतात असताना, केवळ एका माणसाच्या चौकसपणामुळे सापडली. त्या वेळी दोन-चार दिवस चर्चा झाली आणि मग विषय मागे पडला. मला मात्र तो मागे पडू देणे योग्य वाटत नाही. कारण या प्रकरणात संगणकाच्या गणितापेक्षा माणसांच्या व्यवहाराचा भाग मोठा आहे, आणि तो समजण्यासाठी कोणाला अभियंता असण्याची गरज नाही.

पोस्टकार्डावरचा परवलीचा शब्द

दूरच्या संगणकात शिरण्याची सोय काही नवी नाही. १९६९ साली अमेरिकेत आजच्या इंटरनेटचे पूर्वरूप सुरू झाले, तेव्हाच ‘टेलनेट’ नावाची व्यवस्था आकाराला येऊ लागली. आपल्या खोलीत बसून दूरच्या यंत्राला हुकूम टंकायचे आणि त्याचे उत्तर आपल्या पडद्यावर वाचायचे, असा हा प्रकार. असे हुकूम ऐकून घेणाऱ्या कार्यक्रमाला ‘शेल’ म्हणजे कवच म्हणतात. वापरणारा बाहेर, यंत्राचा गाभा आत आणि मध्ये हे कवच.

टेलनेटमध्ये एक मोठी उणीव होती. तुम्ही टंकलेले प्रत्येक अक्षर जसेच्या तसे तारेवरून जात असे. नाव जाई, हुकूम जाई आणि परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्डही तसाच उघडा जाई. पोस्टकार्डावर मजकूर लिहिला तर तो पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कोणीही वाचू शकतो, तसेच हे होते. सुरुवातीला त्याचे कोणाला काही वाटले नाही, कारण त्या जाळ्यावर मोजकी विद्यापीठे आणि प्रयोगशाळा होत्या आणि बहुतेक मंडळी एकमेकांना ओळखत होती. चाळीत दारे उघडी ठेवून झोपण्याचे दिवस होते म्हणा ना!

पण चाळीचे शहर झाले. फेब्रुवारी १९९४ मध्ये अमेरिकेतील ‘सर्ट’ या संगणक-सुरक्षेच्या संस्थेने जाहीर इशारा दिला, की चोरटे जाळ्यावर कान लावून बसले आहेत आणि हजारो, किंबहुना दहादहा हजारांच्या संख्येने यंत्रांची प्रवेश-माहिती त्यांच्या हाती लागली आहे. फोडाफोडी करावी लागली नव्हती. येणारी-जाणारी पोस्टकार्डे वाचायची, एवढेच काम होते.

पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, असाच कान लावणारा कार्यक्रम फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर सापडला. तिथे तातू युलोनेन नावाचा तरुण संशोधक काम करीत होता. त्याने तक्रारअर्ज लिहिण्याऐवजी नवीन दारच तयार करायला घेतले. काही महिन्यांत सिक्युअर शेलची पहिली आवृत्ती उभी राहिली आणि जुलै १९९५ मध्ये त्याने ती जगाला फुकट देऊन टाकली.

त्यातला एक किस्सा सांगण्यासारखा आहे. इंटरनेटवर प्रत्येक सेवेला दारावरच्या पाटीसारखा एक क्रमांक असतो. फाइलींची ने-आण करणाऱ्या जुन्या सेवेचा २१, टेलनेटचा २३. मधला २२ मोकळा होता. युलोनेनने क्रमांक देणाऱ्या कार्यालयाला साधे पत्र लिहून तो मागितला आणि दुसऱ्याच दिवशी तो त्याला मिळाला! ना शिफारस, ना खेपा. आज जगातील लक्षावधी यंत्रांवर २२ क्रमांकाचे दार आहे ते तेव्हापासून. वर्ष संपेपर्यंत पन्नास देशांतील सुमारे वीस हजार लोक हे दार वापरू लागले होते.

योगायोग असा, की त्याच उन्हाळ्यानंतर, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. मुंबईतल्या अनेकांना आठवत असेल, मॉडेमचा तो किरकिर आवाज आणि विद्यार्थ्यांना परवडणारे ‘शेल’ खाते. काळ्या पडद्यावर अक्षरे उमटत. चित्र नाही की रंग नाही. तरी दूरच्या यंत्राशी आपण बोलतो आहोत याचे अप्रूप केवढे! आपण इंटरनेटच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवत होतो, नेमके त्याच सुमारास तिकडे त्या उंबरठ्याला पहिले धड कुलूप लागत होते.

सोयीचे होते म्हणून टिकले

हे कुलूप काय करते? तीन प्रश्नांची उत्तरे देते. वाट झाकलेली आहे का? समोरचे घर तेच आहे का? आणि दार ठोठावणारा माणूस तोच आहे का?

पहिल्या प्रश्नामागे १९७६ सालचा एक विलक्षण शोध आहे. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोन अमेरिकनांनी दाखवून दिले, की भर बाजारात, सगळ्यांच्या देखत बोलूनही दोन माणसे आपसांत एक गुपित ठरवू शकतात आणि ऐकणाऱ्याला ते कळत नाही. सिक्युअर शेलमध्ये दोन्ही यंत्रे भेटताच असे गुपित ठरवतात आणि पुढचे सारे बोलणे त्याच्या आधारे सांकेतिक होते. पोस्टकार्डाच्या जागी मोहोरबंद लिफाफा येतो.

दुसरा प्रश्न घराच्या ओळखीचा. प्रत्येक यंत्राला स्वतःचा ठसा असतो. पहिल्यांदा भेट होते तेव्हा सिक्युअर शेल तो ठसा दाखवून विचारते, ‘हे यंत्र मी ओळखत नाही, पुढे जाऊ का?’ आपण होकार दिला की तो ठसा जपून ठेवला जातो. पुढे कधी त्याच नावाने वेगळाच ठसा समोर आला, तर मोठी धोक्याची सूचना येते.

तिसरा प्रश्न येणाऱ्याच्या ओळखीचा. इथे परवलीचा शब्द चालतो. पण त्याहून चांगली सोय म्हणजे किल्ल्यांची जोडी. एक किल्ली खासगी. ती आपल्याच संगणकात राहते, कोणाला दाखवायची नाही. दुसरी सार्वजनिक. ती दूरच्या यंत्रावर बिनधास्त ठेवायची. चोराच्या हाती पडली तरी तिचा त्याला उपयोग नाही. आत शिरायच्या वेळी सही मागितली जाते. ती सही फक्त खासगी किल्लीच करू शकते आणि सार्वजनिक किल्ली तिची पडताळणी करते. सगळ्या व्यवहारात गुपित घराबाहेर पडतच नाही. पासवर्डमध्ये गुपित सांगावे लागते. इथे गुपित आपल्याजवळ आहे एवढे सिद्ध करावे लागते. फरक लहान वाटतो, पण सारे मर्म त्यातच आहे.

खासगी किल्लीवर आणखी एक परवलीचे वाक्य घालता येते, म्हणजे लॅपटॉप चोरीला गेला तरी किल्ली लगेच कामी येत नाही. मग दर वेळी ते वाक्य टंकत बसायचे का? तर नाही. सकाळी एकदा वाक्य सांगितले, की एक मदतनीस कार्यक्रम ती किल्ली दिवसभर आपल्या कनवटीला ठेवतो. मग दहा यंत्रांत जा नाहीतर शंभर, पुन्हा काही विचारणे नाही.

सुरक्षिततेबद्दल बोलताना आपण नेहमी असे गृहीत धरतो, की ती कटकटीचीच असणार. औषध कडूच असले पाहिजे, तशी ही समजूत आहे. सिक्युअर शेलच्या यशाचे इंगित असे, की ते जुन्या असुरक्षित पद्धतीपेक्षा जास्त सोयीचे होते. हुकूम जवळपास जुनेच होते, परवलीचे शब्द पाठ करणे कमी झाले आणि फाइली पाठवणेही त्याच वाटेने होऊ लागले. लोकांनी ते भीतीपोटी कमी आणि आळसापोटी जास्त स्वीकारले, असे मी म्हणेन. आणि यात उपहास नाही. माणसाच्या आळसाची कदर करणारी सुरक्षाच टिकते.

आज याचे उदाहरण पाहायचे तर लांब जायला नको. पुण्यात पाषाणच्या ‘आयसर’ संस्थेत ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक आहे. त्यावर हिशेब करणारे संशोधक त्या दालनात जाऊन बसत नाहीत. ते आपल्या लॅपटॉपवरून सिक्युअर शेलनेच आत शिरतात. २०२० च्या टाळेबंदीत हिंजवडीची कार्यालये ओस पडली तरी दूरदेशीची यंत्रे चालू राहिली, त्यातही या दाराचा वाटा मोठा होता.

कुलूप फुकट, विजेचे बिल कोणाचे?

युलोनेनने १९९५ च्या अखेरीस आपली कंपनी काढली आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांवर परवान्याच्या अटी येत गेल्या. तेव्हा १९९९ मध्ये एका स्वीडिश प्रोग्रामरने जुनी, मुक्त आवृत्ती शोधून तिच्यावर काम सुरू केले. कॅनडातील कॅल्गरी येथे थिओ द राट यांच्या नेतृत्वाखाली ‘ओपनबीएसडी’ नावाचा प्रकल्प चाले. त्या मंडळींनी ते काम हाती घेऊन डिसेंबर १९९९ मध्ये ‘ओपनएसएसएच’ प्रसिद्ध केले. आज लिनक्सवर, अ‍ॅपलच्या संगणकांवर आणि काही वर्षांपासून विंडोजवरही जे दार मिळते ते हेच. कोणीही घ्यावे, वापरावे. पैसा द्यायला नको.

फुकट गोष्टीची किंमत आपल्याला उशिरा कळते. जानेवारी २०१४ मध्ये ओपनबीएसडीच्या लोकांवर जाहीर आवाहन करण्याची पाळी आली, की प्रकल्पाच्या यंत्रांचे विजेचे बिल भरायला वीस हजार डॉलर हवे आहेत. मदत न मिळाल्यास प्रकल्प बंद करावा लागेल. साऱ्या जगाच्या दाराला कुलूप देणाऱ्यांच्या घरचा दिवा विझण्याच्या बेतात होता! रुमानियातील एका व्यावसायिकाने ती रक्कम दिली, इतरांनीही हात पुढे केला आणि वेळ निभावली. पण अब्जावधींची उलाढाल ज्या कुलपाच्या भरवशावर चालते, त्याच्या विजेचे बिल वर्गणीतून भरावे लागावे, याला काय म्हणावे?

बिघडते कुठे?

कुलपाच्या गणितात आजवर मोठी खोट निघालेली नाही. जुन्या, पहिल्या पिढीच्या आवृत्तीत दोष होते. त्यामुळे ती बाद होऊन दुसरी पिढी आली आणि २००६ मध्ये तिचे नियम रीतसर प्रमाणित झाले. उद्याच्या क्वांटम संगणकांनाही दाद देऊ नये, अशी तजवीज ओपनएसएसएचने एप्रिल २०२२ पासूनच नेहमीच्या वापरात आणली आहे. बिघडते ते गणिताबाहेर, माणसांच्या हातात.

मे २००८ मधली गोष्ट घ्या. ‘डेबियन’ ही लिनक्सची एक लोकप्रिय आवृत्ती. तिच्या एका देखभालकर्त्याने २००६ मध्ये, तपासणीच्या साधनाची तक्रार दूर करण्यासाठी, एक-दोन ओळी काढून टाकल्या. हेतू चांगला होता. पण त्या ओळींमुळेच किल्ल्या घडवताना लागणारी यदृच्छा येत होती. परिणाम असा झाला, की ज्या किल्लीचे असंख्य प्रकार असायला हवेत, तिचे एका मापाचे प्रकार जेमतेम बत्तीस हजारांवर आले. बत्तीस हजार किल्ल्या लावून पाहणे माणसाला अवघड, यंत्राला मुळीच नाही. कुलूप कंपनीने एकच जुडगा घडवून साऱ्या शहराला वाटावा, तसे हे झाले होते आणि दीड-पावणेदोन वर्षे ते कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

दुसरा प्रकार, दार असूनही न लावण्याचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा काही तास अनेकांना मिळेनाशा झाल्या. हल्ला कोणी केला? घराघरांतल्या कॅमेऱ्यांनी आणि व्हिडिओ-मुद्रण यंत्रांनी! ‘मिराई’ नावाच्या कार्यक्रमाने ही उपकरणे ताब्यात घेतली होती. त्यांत जुने टेलनेटचे दार उघडे होते आणि कारखान्यातून येताना घातलेला परवलीचा शब्द कोणी बदललेला नव्हता. साठेक ठरावीक जोड्या लावून पाहिल्या, की काम फत्ते. सिक्युअर शेल येऊन एकवीस वर्षे झाल्यानंतरची ही कथा आहे. ब्रिटनने अखेर एप्रिल २०२४ पासून असे सोपे, सगळ्यांना एकच असणारे परवलीचे शब्द कायद्याने बंद केले.

तिसरा प्रकार किल्ल्यांच्या हिशेबाचा. मी काम केलेल्या एका संस्थेत एकदा किल्ल्यांची मोजदाद करायचे ठरले. दूरच्या यंत्रांवर कोणाकोणाच्या सार्वजनिक किल्ल्या पडून आहेत, याची यादी निघाली तेव्हा सगळे गप्प झाले. नोकरी सोडून गेलेल्यांच्या किल्ल्या होत्या, काम संपलेल्या कंत्राटदारांच्या होत्या. एक तर अशा गृहस्थांची होती, की ज्यांना शाल-श्रीफळ देऊन चार वर्षे झाली होती. त्यांच्या टेबलाची, कपाटाची किल्ली शिपायाने त्याच दिवशी परत घेतली होती. या किल्लीची आठवण कोणालाच झाली नाही. गृहस्थ सज्जन होते म्हणून बरे. पण सज्जनपणाच्या भरवशावर व्यवस्था चालवायची नसते.

अर्ध्या सेकंदाची शंका

आता मार्च २०२४ कडे येऊ. फाइली दाबून लहान करणारा ‘एक्सझेड’ नावाचा एक छोटा कार्यक्रम आहे. जवळपास प्रत्येक लिनक्स यंत्रात तो असतो. त्याची देखभाल फिनलंडमधील एक गृहस्थ बरीच वर्षे एकट्याने, विनामोबदला, फावल्या वेळात करीत होते. २०२१ च्या अखेरीपासून ‘जिआ टॅन’ असे नाव लावणारा कोणी त्यांना मदत करू लागला. कामसू, नम्र, वेळेवर दुरुस्त्या पाठवणारा. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्या गृहस्थांकडे तक्रारी सुरू झाल्या, की काम फार हळू चालते, आणखी माणूस का घेत नाही? त्यावर गृहस्थांनी जाहीरपणे लिहिले, की आपली मानसिक प्रकृती दीर्घकाळ बरी नाही आणि हे बिनपैशाचे, हौसेचे काम आहे. अखेर मदतनिसाला त्यांनी जबाबदारी वाटून दिली. थकलेल्या माणसाने दुसरे काय करायचे?

फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये या मदतनिसाने दोन नव्या आवृत्त्या काढल्या आणि त्यांत चोरवाट लपवली. कुठे, तर चाचणीसाठी ठेवलेल्या निरुपद्रवी दिसणाऱ्या फाइलींत. लिनक्सच्या काही आवृत्त्यांत सिक्युअर शेलला इतर कामांसाठी जे भाग जोडलेले होते, त्यांच्या मागून एक्सझेडही आत येत असे. म्हणजे कुलुपाच्या एकाही काट्याला हात न लावता, चौकटीची बिजागरी पुरवणाऱ्याने ही करामत केली. त्या चोरवाटेलाही किल्ली होती, आणि ती फक्त बनवणाऱ्याकडे होती!

अँड्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे अभियंता. ते त्या वेळी एका माहितीकोशाच्या कार्यक्रमाचा वेग मोजत होते. त्यांच्या लक्षात आले, की सिक्युअर शेलने आत शिरायला पूर्वीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. तुम्ही-आम्ही ‘यंत्र दमले असेल’ म्हणून सोडून दिले असते. ते त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागले आणि माग काढत चोरवाटेपर्यंत पोहोचले. २९ मार्च २०२४ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, त्यांनी सगळे जाहीर केले. तोपर्यंत या आवृत्त्या मुख्यतः लिनक्सच्या चाचणीच्या टप्प्यातल्या संस्करणांत पोहोचल्या होत्या. आणखी काही महिन्यांत त्या जगभरच्या यंत्रांत गेल्या असत्या. ‘जिआ टॅन’ त्यानंतर नाहीसा झाला आणि त्या नावामागचा माणूस कधीच पुढे आला नाही.

तीन महिन्यांनी, १ जुलै २०२४ रोजी, आणखी एक दोष जाहीर झाला. पुण्यातही मोठे केंद्र असलेल्या ‘क्वालिस’ या कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले, की ओपनएसएसएचमध्ये २००६ साली बुजवलेले एक भोक २०२० मधल्या एका बदलात पुन्हा उघडले गेले होते. इथे कोणाचा कट नव्हता, साधी नजरचूक होती. दुरुस्ती त्याच दिवशी आली. पण थोडी माणसे, अफाट पसारा आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारे डोळे कमी, हे दुखणे तेच.

आपला संबंध काय?

रविवारी सकाळी चहाबरोबर हे वाचणाऱ्याने विचारावे, की आमच्या घरात कोणी लिनक्स वापरत नाही. मग आम्हाला याचे काय? मला वाटते, दोन गोष्टींचे आहे.

पहिली घरातली. दुरून यंत्रात शिरण्याचा प्रकार आता आपल्या मोबाइलपर्यंत आला आहे. ‘बँकेतून बोलतोय’ म्हणून फोन येतो, एखादे अ‍ॅप उतरवायला सांगितले जाते आणि आपला पडदा चोराला त्याच्या घरी दिसू लागतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच याबद्दल इशारा दिला होता. अशा वेळी सिक्युअर शेलचे तीन प्रश्न आठवावेत. त्यातला दुसरा सर्वांत मोलाचा: समोरचा खरोखर तोच आहे का? हा प्रश्न पडद्यावर आला, की व्यवसायातली माणसेसुद्धा न वाचता ‘हो’ टंकतात, हे मी कितीदा पाहिले आहे. ठसा जुळवून पाहण्याचे कष्ट नकोसे वाटतात. फोनवरच्या गोड आवाजाला आपण असाच न वाचता ‘हो’ म्हणतो. फोन ठेवून बँकेच्या पासबुकावरील क्रमांकावर आपण स्वतः फोन करणे, म्हणजेच ठसा जुळवणे.

चांगली बातमी अशी, की किल्ल्यांची जोडी आता सर्वसामान्यांपर्यंत येते आहे. मे २०२२ मध्ये अ‍ॅपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्टने ‘पासकी’ या पद्धतीला मिळून पाठिंबा दिला. बोट टेकवले की आत शिरता येते. परवलीचा शब्द नाही, तो चोरीला जाण्याचा प्रश्न नाही. यात खासगी किल्ली आपल्याकडेच राहते आणि संकेतस्थळाकडे फक्त सार्वजनिक किल्ली जाते. शिवाय पासकी स्वतःच घर ओळखते. बनावट संकेतस्थळाला ती सहीच देत नाही. मोबाइलने अशी सोय देऊ केली तर घरातल्या ज्येष्ठांनाही ती जरूर लावून द्यावी. तीनदा विसरलेल्या आणि वहीच्या मागच्या पानावर लिहिलेल्या पासवर्डापेक्षा ती सोपी आहे, आणि बळकटही.

दुसरी गोष्ट समाज म्हणून आपली. भारत हा प्रोग्रामरांचा देश म्हणवतो. फुकट मिळालेल्या या कुलपावर आपल्या कंपन्यांनी केवढा धंदा उभा केला! त्या मानाने परत किती दिले? जर्मनीने २०२२ मध्ये अशा मुक्त कार्यक्रमांच्या देखभालीसाठी सरकारी निधी सुरू केला. आपल्याकडे ‘झेरोधा’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये दरवर्षी दहा लाख डॉलर अशा कामांना देण्याचे जाहीर केले. एका कंपनीने हे करावे आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवाव्यात, एवढ्याने भागणार नाही. धरण बांधले की देखभालीची तरतूद अंदाजपत्रकात करावी लागते. सरकारी खात्याची संगणक-योजना मंजूर होते तेव्हा तिच्या पोटात असलेल्या फुकट सामग्रीच्या देखभालीसाठी काही टक्के तरी बाजूला काढायला काय हरकत आहे? अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुलांनी त्याच त्या ‘ग्रंथालय व्यवस्थापन प्रणाली’चा प्रकल्प वर्षानुवर्षे करण्यापेक्षा अशा एखाद्या लहान, एकाकी कार्यक्रमाच्या चाचण्या लिहिल्या तर परीक्षकांनी त्याला गुण द्यावेत, हीही मागणी काही अवाजवी नाही.

आणि हे सारे होईपर्यंत प्रत्येक कार्यालयाला एक काम उद्याच करता येईल. सेवानिवृत्तीच्या दिवशी जो ‘ना देय’ दाखला भरला जातो, ज्यात ग्रंथालयाची पुस्तके, ओळखपत्र आणि कपाटाची किल्ली परत केल्याची सही असते, त्यात एक ओळ वाढवावी: ‘संगणकावरील किल्ली काढून टाकली.’ त्यासाठी खर्च काही नाही. सही करणाऱ्याने ती खरोखर काढली आहे ना, एवढे पाहायचे.